खेळाच्या लॅपटॉपकडून किती अपेक्षा ठेवावी?

जून-जुलै महिना आला, परीक्षांचे निकाल लागले, कॉलेजांतील प्रवेश आटोपले, कीं पुष्कळ घरांत एकाच विषयावर खल सुरू होतो. मुलास अथवा मुलीस लॅपटॉप घ्यावयाचा, तो कोणता? वडील मंडळी म्हणते, "अभ्यासापुरता साधा घ्यावा." मुलगा म्हणतो, "गेमिंग लॅपटॉप घेतला, तर त्यावर अभ्यासही होईल." ह्या 'अभ्यासही'मधील 'ही'चा अर्थ न समजण्याइतकी वडील मंडळी भोळी नसते. तथापि मुलाचें म्हणणें सर्वस्वीं लबाडीचें असतें, असेंही नाहीं. लाखाच्या आसपासची रक्कम एकत्र कुटुंबाच्या तिजोरींतून निघावयाची असते. कोणाच्या तरी दुरुस्त्या, कोणाची तरी यात्रा त्यासाठीं पुढें ढकलली जाते. म्हणून तें यंत्र काय करूं शकेल आणि काय करूं शकणार नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वीं घरांतील एका तरी वडील माणसास ठाऊक असावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. आमच्या घरीं तें कोणासच ठाऊक नव्हतें, व त्याचें प्रायश्चित्त एका निरपराध मुलास भोगावें लागलें. ती हकीकत पुढें येईलच.

साध्या लॅपटॉपांत चित्रें काढण्याचें काम मुख्य प्रोसेसराच्याच पोटांतील एक लहानसा भाग उरकतो. खेळाच्या लॅपटॉपांत त्या कामासाठीं ग्राफिक्स कार्ड म्हणून ओळखली जाणारी निराळी चिप असते. दोहोंतील फरक घरगुती दृष्टांतानें सांगावयाचा, तर मुख्य प्रोसेसर हा कुशल आचारी होय. कोणताही पदार्थ सांगा, तो करील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अंगणांत पापड लाटावयास बसलेल्या पन्नास बायका. त्यांस पुरणपोळी सांगूं नये. परंतु एकाच तऱ्हेचें काम हजारों वेळां करावयाचें असेल, तर आचाऱ्यानें त्यांच्यापुढें हात टेकावे. खेळाचें काम नेमकें ह्याच जातीचें असतें. साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाचा रंग ठरवावयाचा, आणि तोही सेकंदास साठ वेळां. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष ठिपके झाले. इमारतीचें भासचित्र तयार करणें, चलच्चित्राची जुळणी करणें, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करणें, हीं कामेंही त्याच वर्गांतील आहेत. तेव्हां आर्किटेक्चरच्या अगर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यानें असें यंत्र मागितलें, तर त्याची मागणी हंसण्यावारीं नेऊं नये. वकिलीचा किंवा वाणिज्याचा अभ्यास करणाऱ्यानें मागितलें, तर मात्र अवश्य हंसावें.

यंत्राची धांव मोजण्याचें माप म्हणजे सेकंदास किती चित्रें तयार होतात तें. चित्रपट सेकंदास २४ चित्रांवर चालतो व आपणांस तो सुरळीत दिसतो. कारण आपण तेथें केवळ पाहत असतों. खेळांत हाताच्या हालचालीस पडद्यानें तत्काळ उत्तर द्यावयाचें असतें. तेथें ३० चित्रें चालवून घेण्यासारखीं आणि ६० चित्रें समाधानकारक मानतात. ६० चित्रें म्हणजे दर चित्रास सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद. हल्लींच्या पुष्कळ लॅपटॉपांचे पडदे १४४ अथवा १६५ हर्ट्‌झचे असतात. ह्याचा अर्थ पडदा सेकंदास तितकीं चित्रें दाखवूं शकतो एवढाच. तितकीं चित्रें आंतील यंत्र पुरवील, अशी हमी त्यांत नाहीं. पंगतींत दीडशें पानें मांडलीं, म्हणून दीडशें माणसांचा स्वयंपाक झाला असें होत नाहीं.

आतां ज्या बाबतींत सुशिक्षित माणसेंही फसतात, ती बाब. दुकानांत लॅपटॉपाची ओळख ग्राफिक्स कार्डाच्या नांवानें करून देतात : अमुक यंत्रांत एनव्हिडियाचें आरटीएक्स ४०६० आहे, तमुक यंत्रांत ४०७० आहे. ग्राहक नांव ऐकतो, घरीं येऊन त्या नांवाचे गुणगान वाचतो, आणि निर्धास्त होतो. परंतु ते गुणगान बहुधा टेबलावरच्या मोठ्या संगणकांत बसणाऱ्या कार्डाचें असतें. पूर्वीं लॅपटॉपांतील कार्डाच्या नांवापुढें 'एम' हें अक्षर लावण्याचा प्रघात होता, त्यामुळें निदान भेद तरी कळे. २०१६ सालच्या मालिकेपासून तें अक्षर गळालें. आतां टेबलावरचें आरटीएक्स ४०९० पाहावें, तर त्यांत १६,३८४ गणनकेंद्रें, २४ जीबी स्मृति आणि ४५० वॅटपर्यंत विजेचा खुराक; लॅपटॉपांतील ४०९० मध्यें केंद्रें ९,७२८, स्मृति १६ जीबी, आणि खुराक त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ४०७० ची तीच गोष्ट : टेबलावर ५,८८८ केंद्रें व १२ जीबी, लॅपटॉपांत ४,६०८ व ८ जीबी. नामसादृश्य तेवढें पुरेपूर.

ह्याहून खोल पाणी पुढेंच आहे. ४०६० मध्यें दोन्ही ठिकाणीं केंद्रें ३,०७२ च आणि स्मृति ८ जीबीच. तेव्हां येथें तरी फसवणूक नसावी, असें वाटतें. पण लॅपटॉप बनविणाऱ्यास त्या चिपेला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत आपल्या सोयीप्रमाणें वीज देण्याची मुभा असते. सडपातळ, देखण्या यंत्रांत उष्णता बाहेर काढण्यास जागा नसते, म्हणून वीज कमी दिली जाते. जाडजूड, ओबडधोबड यंत्रांत भरपूर दिली जाते. नांव दोघांचेंही एकच, किंमतही कधीं कधीं एकच, आणि कामांत मात्र जमीन-अस्मानाचा नसला तरी माडी-तळमजल्याचा फरक. कार्डाचें नांव विचारून वॅट न विचारणें म्हणजे स्थळाचें गोत्र तेवढें विचारून घरीं परतणें होय. मुलगा काय मिळवतो हें कोणी विचारावयाचें? २०१७ साली निघालेल्या 'मॅक्स-क्यू' ह्या शब्दावरून निदान इतकें कळत असे, कीं हें यंत्र कमी विजेचें आहे. २०२१ च्या आरंभीं तीही खूण नाहींशी झाली. त्यावर बराच ओरडा झाल्यानंतर वॅटचा आंकडा जाहीर करण्याचा दंडक आला. सबब उत्पादकाच्या तपशीलपत्रकांत 'टीजीपी' ह्या अक्षरांपुढें जो आंकडा असतो, तो पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. वॅट दुप्पट केल्यानें काम दुप्पट होतें, असें मात्र समजूं नये. ४५ वरून ८० वर जातांना लाभ मोठा असतो. शेवटच्या दहा-पंधरा वॅटांत हातीं फारसें लागत नाहीं.

आमच्या घरीं २०२३ च्या जूनमध्यें लॅपटॉप आला. पुतण्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षास गेला होता. दुकानदार म्हणाला, "नांव एकच, काम एकच, मग हा हलका कां नको?" आम्हांसही हलका बरा वाटला. तो ७५ वॅटचा निघाला, हें आम्हांला सहा महिन्यांनीं, त्याच्या मित्राचें यंत्र शेजारीं ठेवल्यावर कळलें. तेवढें एक वेळ सोसलें असतें. खरी गोष्ट पुढच्या उन्हाळ्यांत घडली.

२०२४ च्या मे महिन्यांत त्याच्या सबमिशनचे दिवस होते. ब्लेंडर नांवाच्या प्रणालींत तो इमारतींचीं चित्रें तयार करी. हिवाळ्यांत एका चित्रास आठ मिनिटें लागत, तीं आतां तेरा लागूं लागलीं. रात्र रात्र तो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलींत बसे, पंख्यांचा घूं घूं आवाज जिन्यापर्यंत येई, आणि सकाळीं त्याचे डोळे तांबारलेले असत. माझ्या थोरल्या बंधूंनीं एके दिवशीं जेवतांना त्यास सर्वांदेखत विचारलें, "वर्षभर खेळून खेळून त्या यंत्राचें वाटोळें केलेंस ना?" मुलगा म्हणाला, "बाबा, मी खेळत नाहीं." बंधु कांहीं बोलले नाहींत, पण मी बोललों. मी पदार्थविज्ञान शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेला माणूस. मी म्हणालों, "न खेळतां यंत्र मंदावत नसतें." हें वाक्य मला अजून टोंचतें. मुलगा पानावरून उठला, आणि पुढें आठ दिवस तो आमच्या दोघांशीं कामापुरतेंच बोलत असे.

जें मीं वर्गांत शेकडों मुलांना शिकविलें, तेंच येथें चाललें होतें. विजेचा जो खुराक चिप घेते, तो जवळ जवळ सगळा उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकावा लागतो. लॅपटॉपांत प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून जोराच्या कामांत शंभर ते दीडशें वॅट, मोठ्या यंत्रांत त्याहूनही अधिक खातात; एखाद्या वहीएवढ्या जाडीच्या डब्यांत शंभर वॅटचा जुना दिवा अखंड जळत ठेवावा, तसा हा प्रकार. तांब्याच्या नळ्या ती उष्णता कडेच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेतात आणि पंखे ती बाहेर फुंकून टाकतात. चिपेचें तपमान १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोंचलें, कीं ती स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग उतरविते. म्हणून पहिल्या पांच मिनिटांतील वेग व अर्ध्या तासानंतरचा वेग ह्यांत अंतर पडतें, आणि खरी लायकी म्हणजे अर्ध्या तासानंतरची. भोंवतालची हवा जितक्या अंशांनीं तापते, साधारण तितक्याच अंशांनीं चिपही अधिक तापते. थंड प्रयोगशाळेंत घेतलेली परीक्षा वेगळी आणि मे महिन्यांतली नागपूरची दुपार वेगळी. तेथें पारा ४५ पर्यंत चढतो. आमच्या पत्र्याच्या खोलीची अवस्था फारशी निराळी नव्हती. त्यांत हा मुलगा लॅपटॉप गादीवर, दुलईच्या घडीवर ठेवीत असे. ह्या यंत्रांची हवा बहुधा तळाकडून आंत ओढली जाते, आणि दुलईनें ती वाटच बुजविली होती.

एका रविवारीं शहरांतील एका कारागिराकडून यंत्राचा तळ उघडविला. पंख्यांच्या तोंडाशीं, पातळ पत्र्यांच्या फटींत, कापसाच्या तंतूंची व धुळीची एक करड्या रंगाची लाद बसली होती. चिमट्यानें ओढली तेव्हां ती अखंड निघाली. कारागिरानें दुसरीही एक गोष्ट दाखविली. यंत्रांत १६ जीबी स्मृतीची एकच पट्टी होती. दोन पट्ट्या असल्या कीं प्रोसेसर दोन वाटांनीं माल आणतो; एकच असली कीं एका वाटेनें. स्वस्तांत विकावयाचें म्हणून पुष्कळदां एकच बसविलेली असते, आणि पत्रकावर आंकडा मात्र तोच दिसतो. धूळ निघाली, आणखी एक पट्टी बसविली, यंत्र खालच्या मधल्या खोलींत लांकडी मेजावर आलें, मागची बाजू दोन बोटें उंच केली. चित्रास पुन्हां साडेआठ मिनिटें लागूं लागलीं. मुलाचें म्हणणें खरें होतें. त्यानें परीक्षेच्या महिन्यांत एकही खेळ उघडला नव्हता. मी त्याच्या खोलींत जाऊन तसें बोललों. तो म्हणाला, "काका, तुम्हीं मला नुसतें विचारलें असतें, तरी दुलईचें सांगितलें असतें." बंधु तोंडानें बोलले नाहींत, दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तळाखालीं ठेवावयाचें पंख्यांचें जाळीदार स्टँड विकत आणून मुकाट्यानें मेजावर ठेवलें.

बॅटरीविषयीं फार आशा बाळगूं नये. विमानांत विनापरवानगी नेतां येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणून मोठ्यांत मोठ्या लॅपटॉपांतही बॅटरी ९९ च्या घरांतच थांबते. मध्यम किंमतीच्या यंत्रांत ती पुष्कळच लहान असते. दीडशें वॅट खाणारें काम ६० वॅट-तासांवर किती वेळ चालेल, हें पांचवीचा मुलगाही सांगेल. शिवाय चार्जर काढतांच यंत्र आपण होऊन वेग निम्म्याच्या आसपास अथवा त्याहूनही खालीं आणतें, कारण बॅटरी तितकी वीज एका दमांत देऊं शकत नाहीं. तो बिघाड नव्हे. नुसतें लिहिणें-वाचणें असेल तर चार-पांच तास निभावतात, तेंही ग्राफिक्स कार्ड झोंपलेलें असलें तर. चार्जर म्हणजे एक वीटच असते. यंत्र सवा दोन किलो, वीट पाऊण किलो, आणि हें पाठीवर घेऊन रोज लोकलमधून जाणाऱ्या मुलीचा विचार घेणाऱ्यानें अवश्य करावा.

आवाजही होतो. पूर्ण जोरांत ५० डेसिबलच्या आसपास, म्हणजे शेजारीं कोणी पोथी वाचीत असेल तर त्यास दार लोटून घ्यावें लागेल. विजेच्या बिलाची धास्ती मात्र बाळगूं नये : २०० वॅटनें रोज तीन तास म्हटले, तरी महिन्यास १८ युनिट होतात.

आतां प्रत्यक्ष अपेक्षा. पुरेशा विजेचें ४०६० असलेलें यंत्र १०८० च्या पडद्यावर 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' सारखे चढाओढीचे खेळ १४४ च्या पुढें सहज नेतें. २०२० च्या डिसेंबरांत निघालेला 'सायबरपंक २०७७' हा अवजड खेळ वरच्या दर्जावर ६० च्या पुढें चालतो. पण प्रकाशकिरणांचा संपूर्ण हिशेब करण्याची जी सोय त्यांत २०२३ मध्यें आली, ती लावतांच तो ३० च्याही खालीं उतरतो. ठिपके वाढविले तरी तोच परिणाम : २५६० गुणिले १६०० चा पडदा म्हणजे ४०,९६,००० ठिपके, जवळ जवळ दुप्पट काम. येथें एक युक्ति केलेली असते. यंत्र लहान चित्र काढतें व तें हुशारीनें मोठें करून दाखवितें. ह्यास डीएलएसएस म्हणतात, आणि ती युक्ति आतां खरोखर उत्तम साधली आहे. २०२२ पासून दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें एक कल्पित चित्र घालण्याची दुसरी युक्ति निघाली. जाहिरातींतील डोळे दिपविणारे आंकडे पुष्कळदां हिच्याच बळावर असतात. चित्र गुळगुळीत दिसतें, पण हाताच्या हालचालीचें उत्तर लवकर येत नाहीं, उलट किंचित् उशिराच येतें. म्हणून मूळचा वेग ५०-६० असल्याशिवाय तिचा उपयोग नाहीं. ८ जीबीची स्मृति नव्या खेळांत अपुरी पडूं लागली आहे, हेंही जाणून असावें. मुख्य स्मृतीची पट्टी मागाहून बदलतां येते, ग्राफिक्स कार्डाची स्मृति बदलतां येत नाहीं. अशा यंत्रानें चार-पांच वर्षें चांगलें काम दिलें, म्हणजे पैसे फिटले असें मी समजतों; चौथ्या वर्षीं नवे खेळ मध्यम दर्जावर चालविण्याची मनाची तयारी ठेवावी.

मुलगा घरींच राहून शिकणार असेल, तर तितक्याच पैशांत टेबलावरचा संगणक सरस काम देतो, थंड राहतो, आणि त्याचा एकेक भाग पुढें बदलतां येतो. हें सांगितल्यावर मुलांचीं तोंडें उतरतात, तरी सांगावें. वसतिगृहांत राहणाऱ्यास मात्र लॅपटॉपावांचून गत्यंतर नाहीं.

आणि खेळांबद्दल वडील मंडळीच्या मनांत जो सरसकट तिटकारा असतो, त्याविषयीं एक शब्द. आपल्या पुण्यांतल्याच नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें केलेला 'राजी' नांवाचा खेळ २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील नायिका एक भारतीय मुलगी असून कथाही आपल्याच देवदैत्यांच्या वातावरणांतली आहे. पुतण्यानें तो मला दाखविला, तेव्हां मी प्रथम खेळ पाहत नव्हतों, देवळांचे खांब पाहत होतों. तसले खांब त्यालाही करावयाचे आहेत. सध्यां त्याचें यंत्र मधल्या खोलींतच असतें. दर तीन महिन्यांनीं बंधु स्वतः फुंकणीनें त्याची धूळ काढतात, आणि त्या वेळीं कोणी बोललेलें त्यांस खपत नाहीं.